एक हजार फूट : आकाशातल्या न दिसणाऱ्या भोवऱ्यांचा इतिहास



या व्याख्यानमालेत आपण एरवी राजवटींचा, लढायांचा, चळवळींचा, फार तर एखाद्या शहराचा इतिहास ऐकतो. आज आम्ही एका अंतराचा इतिहास सांगणार आहोत. अंतर आहे एक हजार फूट, म्हणजे साधारण तीनशे मीटर. रस्त्यावरून चालत गेलो तर आपल्याला चारेक मिनिटं लागतील. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर एकाच मार्गाने, एकाच्या वर एक अशी दोन विमानं जातात, तेव्हा त्यांच्यामध्ये एवढंच अंतर ठेवलेलं असतं. ते पुरेसं आहे का? कशासाठी पुरेसं आहे? आजचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे.

सुरुवात एका घटनेपासून करू.

७ जानेवारी २०१७. मालदीवमधल्या मालेहून एक छोटं बिझनेस जेट अबू धाबीला निघालं. चॅलेंजर ६०४ जातीचं, जर्मनीत नोंदलेलं. आत कर्मचारी धरून नऊ माणसं. अरबी समुद्रावर ते ३४,००० फुटांवर नेहमीसारखं चाललं होतं. अरबी समुद्राच्या फार मोठ्या पट्ट्यातली विमान वाहतूक मुंबईचं नियंत्रण केंद्र सांभाळतं, आणि ही घटना त्याच पट्ट्यातली आहे. म्हणजे ती आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही.

समोरून एक ए-३८० येत होतं. दुबईहून सिडनीला निघालेलं, दोन मजली, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. ते होतं ३५,००० फुटांवर. दोघांमध्ये बरोबर हजार फूट. नियम पाळलेला. ए-३८० डोक्यावरून निघून गेलं. पाऊण मिनिट झालं असेल नसेल, आणि छोटं विमान एका अंगावर कलायला लागलं. पायलटने सावरायचा प्रयत्न केला, पण विमान पुरतं उलटं झालं, एकदा नाही, अनेकदा. ऑटोपायलट सुटला. दिशा आणि तोल दाखवणारी उपकरणं बंद पडली. एक इंजिन इतकं तापलं की ते बंद करावं लागलं. सुमारे नऊ हजार फूट खाली आल्यावर पायलटांच्या हाती पुन्हा विमान लागलं. बंद केलेलं इंजिन त्यांनी परत सुरू केलं आणि ओमानमधल्या मस्कतला विमान उतरवलं. नऊही जण वाचले, पण आतले लोक फेकले गेले होते, काहींना गंभीर दुखापती झाल्या. विमानाच्या सांगाड्यावर इतका ताण आला होता की ते पुन्हा उडवण्याच्या लायकीचं राहिलं नाही.

ए-३८० मात्र आपल्या वाटेने सिडनीला निघून गेलं होतं.

आता यात चूक कोणाची, असं आपल्या मनात येतंच. हवा खराब नव्हती. उंची चुकली नव्हती. म्हणून ही घटना इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. सगळं नियमानुसार असताना हे झालं, तर मग तो नियम कुठून आला, हे बघायला हवं.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, फार नाही.

गेटवेहून मांडव्याला लाँचने कधी गेला असाल तर पाहिलं असेल. मोठी बोट निघून जाते, आणि ती गेल्यावर बाजूची छोटी होडी डुलायला लागते. बोट दिसेनाशी झाली तरी तिने ढवळलेलं पाणी तिथेच असतं. विमानाचंही तसंच आहे. पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी असतो, आणि त्या फरकावर विमान तरंगतं. पण पंखाच्या टोकाशी ही खालची हवा वळसा घालून वर जायला बघते. त्यातून प्रत्येक पंखाच्या मागे एक, असे दोन भोवरे तयार होतात, एकमेकांच्या उलट फिरणारे. हे इंजिनातून येत नाहीत बरं का. विमान उचलून धरण्याची ती किंमत आहे. विमान जितकं जड, तितका भोवरा जोरदार.

हे दोन भोवरे एकमेकांना खाली ढकलतात. त्यामुळे ते विमानाच्या वाटेवर न थांबता हळूहळू उतरत जातात, साधारण मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट, फार जड विमानाचे असतील तर याहून वेगाने. बहुतेक वेळा पाचशे ते नऊशे फूट उतरेपर्यंत ते मंदावतात आणि विस्कटतात. हे 'बहुतेक वेळा' लक्षात ठेवा. हवा खळबळीची असेल तर भोवरे लवकर मोडतात. हवा शांत असेल तर दोन-तीन मिनिटं टिकतात, आणि तेवढ्या वेळात मोठं विमान वीस-पंचवीस मैल पुढे गेलेलं असतं. म्हणजे प्रवाशाला जी हवा सगळ्यात सुखाची, तीच भोवऱ्यालाही सोयीची. आणि हवेला रंग नसल्यामुळे ते दिसत नाहीत. मागे पांढरी रेघ उठली असेल तरच थोडाफार अंदाज येतो.

हे माणसाला कधी कळलं? कागदावर फार लवकर. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात पंखाच्या टोकाशी निघणाऱ्या भोवऱ्यांची कल्पना मांडली. पुढे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडे त्याचं गणित बसवलं. पण वैमानिकांच्या जगात बरीच वर्षं समजूत अशी होती की, पुढच्या विमानामागे जे धक्के बसतात ते पंख्याने मागे फेकलेल्या हवेचे. विमानं हलकी होती, आकाश मोकळं होतं. चुकीच्या समजुतीनेही काम चालत होतं.

त्या काळात मोठी भीती वेगळीच होती, ती म्हणजे टकरीची. आणि आपला हजार फुटांचा नियम या भीतीतून आलेला आहे, भोवऱ्यांच्या नव्हे.

३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर २१,००० फुटांवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली. १२८ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर अमेरिकेने विमान वाहतुकीची सगळी घडी नव्याने बसवली आणि १९५८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी केली. आपल्याकडची आठवण तर अनेकांच्या मनात ताजी असेल. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४,००० फुटांवर होतं. दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. ते खाली आलं. ३४९ माणसं गेली. हजार फूट हे अंतर कागदावर होतं, आकाशात उरलं नाही.

तर, वर-खाली किती अंतर ठेवायचं? विमान आपली उंची फूटपट्टीने मोजत नाही, बाहेरच्या हवेच्या दाबावरून मोजतं. समुद्रसपाटीजवळ दाब एक मिलिबारने बदलला तर उंची सत्तावीस-अठ्ठावीस फुटांनी बदलते. पस्तीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की, तोच एक मिलिबार म्हणजे जवळपास नव्वद फूट. म्हणजे उपकरणात तेवढीच चूक असली तरी वर तिचा परिणाम तिप्पट. म्हणून जेट विमानं आली तेव्हा जगाने ठरवलं, की २९,००० फुटांपर्यंत हजार फूट पुरे, त्याच्या वर दोन हजार फूट ठेवा. हे दोन हजार फूट मोजमापातली चूक पोटात घेण्यासाठी होते. भोवऱ्यांचा विचार त्यात नव्हता. पण न ठरवता एक फायदा होऊन गेला. वरच्या विमानाचा भोवरा दोन हजार फूट खाली पोचेपर्यंत त्यात फारसा जीव उरत नसे.

भोवऱ्यांची गंभीर दखल घ्यायला लावली ती दोन गोष्टींनी. पहिली ८ जून १९६६ ची. अमेरिकेचं एक्सबी-७० हे प्रचंड प्रायोगिक बॉम्बर विमान कॅलिफोर्नियातल्या वाळवंटावर, सुमारे २५,००० फुटांवर, चार लहान विमानांसोबत रांगेत उडत होतं. कशासाठी? तर फोटोसाठी. इंजिनं बनवणाऱ्या कंपनीला आपली इंजिनं असलेली सगळी विमानं एका चौकटीत हवी होती. त्यातलं एक एफ-१०४ विमान जो वॉकर चालवत होते. अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाणारं एक्स-१५ उडवलेला हा माणूस, साधासुधा वैमानिक नव्हे. त्यांचं विमान मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकाजवळ गेलं, भोवऱ्याच्या ओढीत सापडलं, उलटून वरून पलीकडे गेलं आणि जाताना त्याने बॉम्बरच्या शेपट्या तोडल्या. वॉकर गेले, बॉम्बरचे सहवैमानिक कार्ल क्रॉस गेले. अल व्हाइट तेवढे बाहेर पडून वाचले.

दुसरी गोष्ट म्हणजे बोइंग ७४७. जानेवारी १९७० मध्ये ते प्रवासी सेवेत आलं. एवढं जड प्रवासी विमान आधी कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्यामागे लहान विमानाचं काय होईल, म्हणून चाचण्या झाल्या, आणि विमानांची वजनानुसार वर्गवारी आली. आजही मोठ्या विमानाचा वैमानिक रेडिओवर आपल्या नावापुढे 'हेवी' असं जोडतो, ते तेव्हापासून. तरी शिकायला जीव गेलेच. ३० मे १९७२ ला टेक्सासमध्ये सरावासाठी उडणारं एक डीसी-९ विमान मोठ्या डीसी-१० च्या मागोमाग उतरत होतं. भोवऱ्यात सापडून ते धावपट्टीवरच उलटलं, आतले चौघेही गेले. त्यानंतर विमानतळाजवळ पुढचं विमान कोणतं, मागचं कोणतं, हे बघून अंतरं वाढवली गेली.

आता इथे जरा थांबून बघू. ही सगळी नियमावली धावपट्टीच्या आसपासची आहे. तिथे तुमचं वजन विचारतात. कारण जमीन जवळ असते, सावरायला उंची नसते. पण वर, प्रवासाच्या उंचीवर? एखादं विमान दुसऱ्याच्या बरोबर मागे, त्याच उंचीवर किंवा हजार फुटांपेक्षा कमी खाली असेल, तर भोवऱ्यासाठी वेगळं अंतर ठेवायला आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. पूर्ण हजार फूट खाली असेल, तर वर ए-३८० आहे की छोटं जेट, याने वर-खालच्या अंतरात काही फरक पडत नाही. साडेपाचशे टनांचं विमान वर आणि बावीस टनांचं खाली असलं तरी अंतर तेच.

आणि मग ते दोन हजार फुटांचं अंतर निम्मं झालं.

१९८० च्या दशकापर्यंत उंची मोजणारी उपकरणं खूपच सुधारली होती. आकाशात गर्दी वाढली होती. २९,००० ते ४१,००० फूट हा जेट विमानांना सगळ्यात किफायतशीर पट्टा, आणि त्यात वाटा होत्या फक्त सात. अंतर हजार फूट केलं तर मध्ये आणखी सहा वाटा मिळणार होत्या. इंधन वाचणार, वेळ वाचणार, गर्दी पांगणार. अभ्यास झाले. विमानात उंची मोजणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा हव्यात, ऑटोपायलटने उंची काटेकोर धरून ठेवली पाहिजे, अशा अटी आल्या. २७ मार्च १९९७ ला उत्तर अटलांटिकवर याची सुरुवात झाली. जानेवारी २००२ मध्ये युरोपने ते स्वीकारलं, जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेने. आणि आपल्या भागात, म्हणजे भारत, अरबी समुद्र, पश्चिम आशिया इथे तारीख होती २७ नोव्हेंबर २००३.

ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या सात वाटा कोणत्या? २९, ३१, ३३, ३५, ३७, ३९ आणि ४१ हजार. नव्या सहा कोणत्या? ३०, ३२, ३४, ३६, ३८, ४०. आता पुन्हा अरबी समुद्रावर या. ए-३८० होतं ३५,००० फुटांवर. चॅलेंजर ३४,००० फुटांवर. म्हणजे ज्या वाटेवरून ते छोटं विमान चाललं होतं, ती वाट २७ नोव्हेंबर २००३ पूर्वी अस्तित्वातच नव्हती.

याचा अर्थ हा बदल चुकीचा होता, असं आम्ही म्हणत नाही. टकरीच्या दृष्टीने हिशेब नीट केला होता. रोज हजारो विमानं या नव्या वाटांवरून सुखरूप जातात, आपणही त्यांतूनच दुबईला, लंडनला जातो. पण एका धोक्यासाठी ठेवलेली मोकळी जागा नकळत दुसऱ्या धोक्यापासूनही आपलं रक्षण करत असते. ती जागा काढून घेताना पहिल्या धोक्याचा हिशेब होतो, दुसऱ्याचा अर्धवट राहतो.

यात आणखी एक भर पडली, ती उपग्रहांची. पूर्वी समुद्रावर विमानाची जागा मैल-दोन मैल इकडेतिकडे असायची. दोन विमानं नकाशावर एकाच रेघेवर असली तरी प्रत्यक्षात एकमेकांच्या बरोबर डोक्यावर क्वचितच यायची. जीपीएस आल्यावर दोघंही त्याच रेघेच्या मधोमध चालायला लागली. या नेमकेपणाची किंमत २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये दिसली. अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर एक बोइंग ७३७ आणि एक छोटं लेगसी जेट चुकून एकाच उंचीवर, ३७,००० फुटांवर, समोरासमोर आले. छोट्या विमानाच्या पंखाचं टोक मोठ्याला लागलं. मोठ्या विमानातले सगळे १५४ जण गेले. जुन्या ढिसाळ यंत्रणा असत्या तर कदाचित ती दोन विमानं बाजूबाजूने निघून गेली असती. ही भोवऱ्याची घटना नाही, पण मूळ तेच आहे.

मग उपाय काय? उपाय असा निघाला की मुद्दाम थोडं चुकायचं. समुद्रावरच्या मार्गांवर वैमानिकाने आपल्या रेघेच्या उजवीकडे एक किंवा दोन नॉटिकल मैल सरकून उडायचं. त्यासाठी नियंत्रकाची परवानगी मागायची गरज नाही. उजवीकडेच का? कारण समोरून येणाराही आपल्या उजवीकडे सरकतो, म्हणजे अंतर दुप्पट होतं. २००४ च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली. माणसाने पन्नास वर्षं खपून विमान रेघेवर आणलं, आणि मग त्याला सांगावं लागलं की बाबा, जरा रेघ सोड.

शेवटचा मुद्दा भोवऱ्यात सापडल्यावर काय करायचं याचा. इथेही इतिहास धडा देतो. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून निघालेलं एक ए-३०० विमान पुढे गेलेल्या ७४७ च्या भोवऱ्यात आलं. भोवरा विमान पाडण्याइतका जोरदार नव्हता. पण सहवैमानिकाने शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, पायाने इकडून तिकडे जोरात मारलं आणि उभी शेपटी तुटली. २६५ माणसं गेली, त्यातली पाच जमिनीवरची. १० जानेवारी २००८ ला कॅनडाचं एक ए-३१९ सुमारे छत्तीस हजार फुटांवर एका ७४७ च्या मागे दहाएक मैलांवर असताना भोवऱ्यात सापडलं, पन्नास अंशांहून जास्त कललं. तिथेही रडरचा तसाच वापर झाला आणि शेपटीवर मर्यादेपलीकडे ताण आला. काही जण जखमी झाले, विमान मात्र वाचलं. हाताला जे पहिलं सुचतं ते करायचं नाही, हे वैमानिकांना मुद्दाम शिकवावं लागतं.

२०१७ च्या घटनेनंतर त्याच वर्षी जूनमध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने प्रवासाच्या उंचीवरच्या भोवऱ्यांबद्दल वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी सूचनापत्र काढलं. वरून कोण जातंय याकडे लक्ष ठेवा, बाजूला सरका, पट्टे बांधा, रडर जोरात मारू नका, अशा त्यातल्या गोष्टी. हजार फुटांचा नियम मात्र तसाच राहिला. तो बदलायचा म्हणजे त्या सहा वाटा परत करायच्या, आणि त्या परत करायला आता कोणी तयार होणार नाही. आपणही नाही, कारण तिकीट महागलेलं आपल्यालाही चालत नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हजार फूट पुरेसे आहेत का? टकरीसाठी, हो. भोवऱ्यांसाठी, बहुतेक वेळा. त्या 'बहुतेक' मध्ये जी फट राहते, ती वैमानिकाची सावधगिरी, नियंत्रकाचा एक इशारा आणि प्रवाशाची एक सवय, यांनी भरायची आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी आहे. पट्ट्याचा दिवा विझला की खटकन पट्टा सोडायची आपल्याला घाई असते. खिडकीबाहेर ऊन असतं, हवा शांत असते, समोर चहा असतो. आम्ही एवढंच म्हणू, की बसलेले असाल तोवर पट्टा सैल करा, पण सोडू नका.